पेट्रोलची धाव आणि विजेची धाव

माणसाला वेगाचे वेड फार जुने आहे. दोन बैलजोड्या शेजारी उभ्या राहिल्या किंवा दोन घोडे एकाच वाटेवर आले, की त्यांची शर्यत लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मोटार निघाली तेव्हा तिच्याही शर्यती सुरू झाल्या, आणि मोटारीच्या शौकिनांची एक निराळी बिरादरीच जगभर तयार झाली. या मंडळींच्या लेखी मोटार ही नुसती बसून जाण्याची वस्तू नव्हे. तिचे इंजिन किती जोराचे, वळणावर ती रस्ता कसा धरते, तिचा आवाज कसा, गिअर कसा पडतो, यांवर ती माणसे तासन्‌तास बोलत बसतात.

गेली काही वर्षे या बिरादरीत एक वाद रंगला आहे. जोरात पळवायची मोटार पेट्रोलची असावी की विजेची? एक पक्ष म्हणतो, विजेच्या मोटारीने पेट्रोलला केव्हाच मागे टाकले. आता जुन्याला कवटाळून बसण्यात अर्थ नाही. दुसरा पक्ष म्हणतो, विजेची मोटार जलद असेल, पण ती मोटारच नव्हे. ते चाके लावलेले एक उपकरण आहे.

तुम्ही म्हणाल, हा पैसेवाल्यांचा खेळ. आमच्या गावाला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण विजेची स्कूटर, विजेची रिक्षा आता तालुक्याच्या गावी दिसू लागली आहे, आणि जो प्रश्न आज शर्यतीच्या मैदानावर विचारला जातो तोच उद्या आपल्या दारात उभा राहणार आहे. शिवाय मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, आणि मला या वादात एक चांगला धडा दिसतो. दोन्ही पक्ष 'चांगली' हा एकच शब्द वापरतात, पण त्या शब्दाच्या पोटात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. जलद कोण? दमाची कोण? आणि चालवण्यात गोडी कोणाला? पहिल्या दोहोंची उत्तरे घड्याळाने आणि तराजूने देता येतात. तिसऱ्याचे तसे देता येत नाही. हे तीन प्रश्न पाखडून वेगळे केले, तर वाद बराच निवळतो. तेच आज आपण करू.

प्रथम थोडा इतिहास पाहू. विजेची मोटार कालपरवा निघाली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २९ एप्रिल १८९९ रोजी, पॅरिसजवळच्या आशेर या ठिकाणी, कामिय जेनात्सी नावाच्या एका बेल्जियन माणसाने ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. त्याची मोटार बंदुकीच्या गोळीच्या आकाराची होती आणि ती विजेवर चालणारी होती. तिचे नाव होते 'ला जामे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधान न पावणारी'. शौकिनांच्या स्वभावाला याहून चपखल नाव सापडणे कठीण!

त्या काळी पेट्रोलची मोटार म्हणजे एक कटकट होती. ती सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ज्यांनी विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे हँडल मारले आहे त्यांना ठाऊक आहे, की ते उलटे फिरले तर मनगटाची काय गत होते. विजेच्या मोटारीला हा त्रास नव्हता. सन १९०० मध्ये अमेरिकेत चार हजारांवर मोटारी तयार झाल्या, त्यांत वाफेच्या आणि विजेच्या मोटारींचीच संख्या जास्त. पेट्रोलच्या हजारही नव्हत्या. मग बाजी पलटली कशी? एक तर फोर्डची स्वस्त 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आली. दुसरे म्हणजे, १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला आणि हँडल मारण्याची आपत्ती टळली. गंमत पाहा, पेट्रोलच्या मोटारीला विजेच्या मोटारीवर विजय मिळवून दिला तो एका छोट्या विजेच्या मोटारनेच! आणि तिसरे, सर्वांत मोठे कारण म्हणजे त्या वेळची बॅटरी. ती शिशाची, जड आणि लवकर दमणारी. या तिसऱ्या कारणाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता दोन्ही यंत्रांच्या पोटात काय चालते ते समजून घेऊ. यासाठी शेतातली ओळखीची उदाहरणे पुरेशी आहेत. एका विहिरीवर ऑइल इंजिन आहे आणि दुसऱ्या विहिरीवर विजेची मोटार आहे, असे समजा. ऑइल इंजिन सुरू होताना आधी धडपडते, मग हळूहळू लय धरते, आणि एकदा लय सापडली की जोर दाखवते. विजेच्या मोटारीचे बटण दाबले, की लागलीच पाणी. असे का होते?

इंजिनाचे काम टप्प्याटप्प्याने चालते. सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन ओढायचे, ते दाबायचे, पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा. या चार टप्प्यांपैकी जोर मिळतो तो एकाच टप्प्यात. म्हणून इंजिन काही एका गतीने फिरत असेल तरच ते स्वतःला सांभाळू शकते. फार हळू फिरवले तर ते बंद पडते, फार जोरात फिरवले तर श्वास पुरत नाही. त्याचा खरा जोर मधल्या एका टप्प्यातच असतो. त्या टप्प्यात इंजिनाला राखायचे आणि तरीही गाडी मुंगीच्या चालीपासून वाऱ्याच्या वेगापर्यंत न्यायची, यासाठी क्लच आणि गिअर यांची योजना केलेली असते.

विजेच्या मोटारीत पेटणे नाही, धूर नाही, श्वास घेणे नाही. तारेच्या वेटोळ्यांतून प्रवाह गेला की चुंबकत्व निर्माण होते आणि ते मधला दांडा फिरवते. दांडा स्थिर असतानाच, म्हणजे गती शून्य असतानाच, फिरवण्याचा पुरा जोर हाती येतो. शास्त्रात या फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. आपले मेकॅनिक ज्याला 'पिकअप' म्हणतात, तो याच्याच आधारावर उभा असतो. त्यामुळे विजेच्या बहुतेक मोटारींना एकच गिअर पुरतो आणि क्लच लागतच नाही. पाय दाबला, की गाडी सुटली. पेट्रोलच्या उत्तम मोटारीलाही या पहिल्या झेपेत विजेशी बरोबरी करणे जड जाते.

आता घड्याळाकडे वळू. यासाठी तुम्हाला अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या पाइक्स पीक या डोंगरावर यायला हवे. या डोंगरावर १९१६ सालापासून मोटारी चढवण्याची शर्यत होते. वाट सुमारे वीस किलोमीटरची, वळणे १५६. शर्यत सुरू होते ती समुद्रसपाटीपासून २८६२ मीटरवर आणि संपते ती ४३०२ मीटरवर. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी हे शिखर वरच राहील.

इतक्या उंचीवर हवा विरळ होते. शिखरावर तर ती समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश. इंजिनाला पेटण्यासाठी हवा लागते. हवा घटली की जोर घटतो. टर्बो नावाचा पंखा बसवून हवा आत कोंबता येते आणि ही तूट काहीशी भरून काढता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. विजेच्या मोटारीला मात्र हवा विरळ आहे की दाट, याचे सोयरसुतक नसते.

२०१३ साली सेबास्टियन लोब या फ्रेंच चालकाने प्यूजो कंपनीची पेट्रोल मोटार घेऊन हा डोंगर ८ मिनिटे १३.८७८ सेकंदांत सर केला. तिची ताकद ८७५ अश्वशक्ती आणि वजनही ८७५ किलो. म्हणजे किलोमागे एक घोडा! हा विक्रम मोडणार नाही असे अनेकांना वाटले. २०१५ साली ऱ्हीस मिलन याने विजेची मोटार चालवून शर्यत जिंकली. विजेच्या मोटारीचा तिथला तो पहिला निर्विवाद विजय होता. पण लोबचा विक्रम त्याला मोडता आला नाही. मग आली २४ जून २०१८ ही तारीख. फोक्सवॅगन कंपनीच्या 'आयडी आर' या विजेच्या मोटारीतून रोमँ द्युमा याने तोच डोंगर ७ मिनिटे ५७.१४८ सेकंदांत चढून दाखवला. या मोटारीची ताकद ६८० अश्वशक्ती आणि वजन अकराशे किलोच्या आतबाहेर. म्हणजे ताकद कमी, वजन जास्त, आणि तरीही सोळा सेकंदांहून अधिक आघाडी.

तर्कशास्त्राचा माणूस इथे थोडा थांबेल. दोन मोटारींमध्ये पाच वर्षांचे अंतर होते. त्या काळात टायर सुधारले, हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवून ठेवण्याचे तंत्र सुधारले. सगळे श्रेय विजेला देणे बरोबर होणार नाही. शिवाय दोन्ही गाड्या केवळ शर्यतीसाठी घडवलेल्या. त्या दुकानात मिळत नाहीत. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. छोट्या अंतराच्या, चढाच्या, विरळ हवेतल्या धावेत विजेची मोटार मागे नाही, पुढे आहे. तेव्हा 'जलद कोण' या प्रश्नाचे अर्धे उत्तर तरी मिळाले.

अर्धे म्हणालो, कारण रस्ता नेहमी वीस किलोमीटरचा चढ नसतो. आता जर्मनीत जाऊ. तिथे न्यूरबर्गरिंग नावाची शर्यतीची जुनी वाट आहे. एक फेरी सुमारे एकवीस किलोमीटरची, चढउतार आणि वळणांनी भरलेली. जगातले मोटार-कारखाने आपल्या गाड्यांची परीक्षा इथे घेतात. पोर्शे या एकाच कंपनीच्या दोन गाड्यांची इथली कामगिरी ताडून पाहण्यासारखी आहे. 'नाइन इलेव्हन जीटी-थ्री आरएस' ही पेट्रोलची गाडी: ५२५ अश्वशक्ती, वजन १४५० किलो. 'टायकान टर्बो जीटी' ही विजेची: क्षणभरासाठी हजाराहून अधिक अश्वशक्ती, वजन सुमारे २२२० किलो. जागेवरून सुटून ताशी शंभर किलोमीटर गाठायला पेट्रोलच्या गाडीला ३.२ सेकंद लागतात, विजेच्या गाडीला २.२. पहिल्या झेपेत विजेची गाडी सरस, यात वादच नाही.

पण पुरी फेरी मोजली तेव्हा काय दिसले? २०२२ साली पेट्रोलच्या गाडीने ती ६ मिनिटे ४९.३२८ सेकंदांत पुरी केली. २०२३ साली विजेच्या गाडीला ७ मिनिटे ७.५५ सेकंद लागले. जवळजवळ दुप्पट ताकद, आणि तरी अठरा सेकंद मागे! याचे मोठे कारण वजनात आहे. दोहोंच्या वजनात पावणेआठ क्विंटलांचा फरक. भरलेली बैलगाडी आणि रिकामी बैलगाडी वळणावर कशी वागते हे तुम्हाला मी सांगायला नको. जड वस्तू वळवायला कठीण, थांबवायला कठीण, आणि ती टायर व ब्रेक लवकर तापवते. पुढे २०२५ साली यांगवांग या चिनी कंपनीच्या विजेच्या गाडीने या वाटेवर सात मिनिटांची हद्द मोडली. पण त्यासाठी तिला तीन हजारांच्या घरात अश्वशक्ती लागली.

एवढे वजन येते कुठून? ते येते बॅटरीतून. आणि हाच आपला दुसरा प्रश्न: दमाची कोण?

विजेच्या बिलात आपण 'युनिट' वाचतो. त्याच मापाने मोजू. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा युनिट ऊर्जा साठलेली असते. गाडीत बसवलेल्या बॅटरीच्या एका किलोत आजही एक-पंचमांश युनिटही धड मावत नाही. हां, पेट्रोलचे इंजिन उधळे असते. बारांपैकी तीन-चार युनिटच चाकापर्यंत पोचतात, बाकीची उष्णता होऊन वाया जातात. विजेची मोटार काटकसरी. मिळालेल्या विजेतला बहुतेक भाग ती चाकाला देते, आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जाही थोडीफार परत बॅटरीत घेते. हा सगळा हिशेब जमेस धरला तरी, किलोला किलो तोलले तर पेट्रोल विसेक पटींनी पुढे राहते. शिवाय पेट्रोल जळत जाते तशी गाडी हलकी होते. बॅटरी भरलेली असो वा रिकामी, तिचा भार तेवढाच.

म्हणूनच फ्रान्समधल्या ल मां येथे १९२३ पासून होणारी चोवीस तासांची शर्यत अजून निव्वळ विजेच्या मोटारीच्या आवाक्यात आलेली नाही. तिथे जिंकणारी गाडी एका दिवसरात्रीत चार हजारांहून अधिक किलोमीटर तोडते. पेट्रोल भरायला मिनिटभर पुरते. बॅटरी भरायला तितका वेळ पुरत नाही. पण इथेही एक नोंद घेण्यासारखी आहे. २०१२ पासून २०२५ पर्यंत ही शर्यत ज्या ज्या गाड्यांनी जिंकली त्या साऱ्या मिश्र जातीच्या होत्या: इंजिनही आणि विजेची मोटारही. भांडणारे दोन पक्ष व्यासपीठावर एकमेकांना हटवीत असताना यंत्रशाळेत मात्र दोघांची केव्हाच सोयरीक झाली आहे.

बॅटरी सुधारते आहे, हेही सांगायला हवे. 'फॉर्म्युला ई' ही विजेच्या मोटारींची जागतिक शर्यतमालिका सप्टेंबर २०१४ मध्ये पेकिंगला सुरू झाली, आणि पहिल्या हंगामापासून तिच्यात आपल्या महिंद्र कंपनीचा संघ आहे. सुरुवातीच्या चार हंगामांत बॅटरी पुरी शर्यत टिकत नसे. मध्यावर चालक एका गाडीतून उतरून पळत जाऊन दुसऱ्या गाडीत बसे! पाचव्या हंगामापासून एकच गाडी शेवटपर्यंत पुरू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही शर्यत हैदराबादेत झाली. दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच कंपनीने पुण्याजवळच्या चाकणला तयार होणाऱ्या विजेच्या मोटारी जाहीर केल्या. त्यांतली एक सात सेकंदांच्या आत ताशी शंभरचा वेग घेते. एके काळी असा वेग केवळ शर्यतीच्या गाडीलाच शोभला असता.

आता येतो तिसरा प्रश्न, आणि खरे भांडण इथेच आहे. शौकीन माणूस वेगासाठी मोटार चालवतो असे आपल्याला वाटते. पण नुसता वेगच हवा असता, तर तो विमानात बसून तृप्त झाला असता. त्याला हवे असते ते काम. वळण येण्याआधी क्लच दाबायचा, गिअर उतरवायचा, इंजिनाचा सूर कानाने ओळखून नेमक्या क्षणी पाय सोडायचा. डोळे, कान, हात आणि पाय यांचा मेळ बसला की गाडी त्याचे ऐकते. चुकले तर ती हिसका देते. हा मेळ साधायला वर्षे लागतात, आणि साधला म्हणजे जो आनंद होतो तो कष्टाने कमावलेला असतो. विजेच्या मोटारीत हे बहुतेक काम यंत्रच करून टाकते. मग शौकीन म्हणतो, माझ्या हाताला काय उरले?

ही तक्रार नुसती जुन्याची ओढ म्हणून उडवून लावू नये. मोटार बनवणाऱ्यांनीही ती उडवून लावलेली नाही. कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने २०२३ साली 'आयोनिक फाइव्ह एन' नावाची विजेची गाडी काढली. तिला खरा गिअर नाही. तरी चालकाने ठरवले तर ती आठ गिअर असल्यासारखी वागते, गिअर बदलताना तसाच झटका देते, आणि इंजिनाचा आवाजही ऐकवते. यावर शौकिनांत दोन तट पडले. कोणी म्हणाले, हे नाटक आहे. कोणी म्हणाले, नाटक खरे, पण हाताला काम मिळाले.

मला इथे गाण्याच्या रियाजाची आठवण होते. घरी बसून रियाज करणारे कितीतरी जण विजेवरच्या तानपुऱ्याचा सूर लावून गातात. तो सुरात असतो, सोयीचा असतो, हवापाण्याने उतरत नाही. तरी बैठकीत तारा छेडून जुळवलेल्या तानपुऱ्याला जो मान आहे तो निराळा. विजेचा तानपुरा खोटा आहे का? नाही, तो वेगळा आहे. कोणत्या कामासाठी, कोणत्या प्रसंगी, हे ठरवले की भांडण उरत नाही.

आणखी एक उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या मातीतले आहे. ट्रॅक्टर आला तेव्हा बैलांचे दिवस संपले असे पुष्कळांना वाटले. नांगरणीपुरते ते बऱ्याच अंशी खरेही ठरले. पण शर्यतीची खिलार जोडी बाळगणारा शेतकरी अजून आहे. त्याला विचारा, 'दादा, ट्रॅक्टर जास्त ओढतो ना?' तो हसेल. ओढण्याचा प्रश्नच त्याच्या मनात नसतो. उपयोग संपला तरी आवड संपत नाही. ती आपली वेगळी वाट काढते. पेट्रोलच्या शर्यतीच्या मोटारीचेही पुढे असेच होईल असे मला वाटते. रोजच्या रस्त्यावरून ती हळूहळू मागे हटेल, आणि शौकिनांच्या मैदानावर टिकून राहील.

पण या उदाहरणाला दुसरी बाजूही आहे. बैलगाडा शर्यतींवर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. राज्याने पुढे कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाच्या घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. यातून दिसते ते असे, की आपली आवड कितीही जुनी आणि खरी असली, तरी तिची झळ दुसऱ्या जिवाला लागत असेल तर समाज मध्ये पडणार, आणि पडलाच पाहिजे. मोटारीलाही हाच न्याय. गोडी चालकाची, धूर आणि गोंगाट मात्र रस्त्याकडेच्या घराचा, शाळेचा आणि दवाखान्याचा. पेट्रोलवाल्या शौकिनाने हा हिशेब टाळू नये.

विजेवाल्या शौकिनानेही फार ताठ मानेने चालू नये. त्याच्या गाडीच्या मागे धूर नाही, हे खरे. पण आपल्या देशात वीज अजून बहुतांशी कोळशावर तयार होते. तो धूर दूरच्या विद्युतकेंद्राच्या चिमणीतून निघतो. जशी सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढेल तसा हा दोष कमी होत जाईल, कारण गाडी तीच राहून वीज बदलते. शिवाय तिच्या नीरवतेतही धोका आहे. न वाजता येणारी गाडी लहान मुलाला किंवा अंध माणसाला कळत नाही. म्हणून युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीने कमी वेगात असताना आवाज करणे कायद्याने सक्तीचे आहे. आणि एका क्षणात मिळणारा तो जोर! शर्यतीच्या बंद वाटेवर तो कौतुकाचा. पण जिथे वळणावर गुरे बसलेली असतात आणि शाळेची पोरे रस्ता ओलांडतात, तिथे नवशिक्याच्या पायाखाली तोच जोर घातक ठरतो.

शेवटी एक गोष्ट, जी मला या साऱ्या वादात सर्वांत महत्त्वाची वाटते. पेट्रोलचे इंजिन उघडता येते. एसटी स्टँडजवळच्या गॅरेजात एखादा मुलगा पाना धरायला लागतो, चार वर्षांत कानाने इंजिनाचा रोग ओळखू लागतो, आणि पुढे स्वतःचे गॅरेज काढतो. ही विद्या कोणत्याही पुस्तकात पुरती लिहिलेली नाही. ती हातातून हातात गेली आहे. परदेशातला शौकीन रविवारी अंगणात स्वतःची मोटार खोलून बसतो, तोही याच विद्येचा दूरचा भाऊ. विजेच्या मोटारीत फिरणारे भाग थोडे, बिघाड कमी. पण जे आहे ते चारशे ते आठशे व्होल्टच्या बॅटरीत आणि संगणकाच्या आज्ञावलीत बंद. तिथे न शिकता हात घालणे जिवावरचे काम आहे. म्हणून खरी चिंता आवाज गेला याची नाही. यंत्राला हात लावण्याचा अधिकार आणि अक्कल कोणाकडे राहणार, ही आहे. ती फक्त कारखान्याकडे राहिली, तर शौकिनाचाही तोटा आणि गावच्या मेकॅनिकचाही. ती शाळेतून, आयटीआयतून, गॅरेजातून पसरली, तर विजेच्या मोटारीचेही जाणकार तयार होतील; कान न लावता मीटर लावून रोग ओळखणारे, पण तितकेच कसबी.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. हा विषय वर्गात जरूर घ्या. मुलांचे दोन पक्ष करा, एक पेट्रोलचा, एक विजेचा. मात्र वाद सुरू करण्याआधी प्रत्येकाला एकच नियम घाला: 'चांगली' हा शब्द उच्चारला, की लगेच 'कशासाठी' हे सांगायचे. वीस किलोमीटरच्या चढासाठी? चोवीस तासांच्या धावेसाठी? बाजारला भाजी न्यायला? की आपल्याच हाताचे कसब आजमावायला? ज्याचे मोजमाप होते त्याला आकडे द्या. ज्याचे होत नाही त्याला 'हे माझ्या आवडीचे' असे सरळ म्हणू द्या. मुलांना एवढे जमले, तर मोटारीचा निकाल कोणत्याही बाजूने लागो, त्यांच्या विचारांचे चाक मात्र रुळावर राहील.